रामनगरच्या पाण्यातला बुडबुडा

राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ विषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा खर्च, गाळ आणि मालाची आवक या तीन गोष्टींभोवती फिरते. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा मार्ग १९८६ साली राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झाला. त्यातील वाराणसी ते हल्दिया या टप्प्यासाठी पुढे जागतिक बँकेच्या साह्याने जलमार्ग विकास प्रकल्प हाती घेण्यात आला, आणि १२ नोव्हेंबर २०१८ रोजी वाराणसीसमोरच्या तीरावर, रामनगर येथे, पंतप्रधानांनी टर्मिनलचे उद्घाटन केले. कोलकात्याहून आलेले ‘एमव्ही रवींद्रनाथ टागोर’ हे जहाज १६ कंटेनर घेऊन त्या धक्क्याला लागले. त्या दिवशीचा एक योगायोग मात्र मला कोणत्याही बातमीत आढळला नाही. १२ नोव्हेंबर हा लॉर्ड रॅले यांचा जन्मदिवस. जहाजाच्या पंख्यामुळे पाण्यात जे बुडबुडे उठतात ते मिटताना त्यांच्याभोवती किती दाब निर्माण होतो, याचे गणित या गृहस्थांनी १९१७ साली मांडले. गंगेत त्या दाबाच्या लहरी ज्यांच्यापर्यंत पोहोचतात, त्यांत आपला राष्ट्रीय जलचर प्राणी आहे आणि तो जवळजवळ आंधळा आहे. म्हणून जलमार्गाच्या चर्चेत खर्चाच्या आकड्यांइतकीच या एका माणसाच्या आयुष्याची ओळख असावी, असे मला वाटते.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म १८४२ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या एका जमीनदार उमराव घराण्यात झाला. बालपण आजारपणात गेले. ईटन आणि हॅरो या दोन्ही नामांकित शाळा प्रकृतीमुळे अर्ध्यावर सोडाव्या लागल्या. घरच्या माणसांनी या मुलाकडून फारशी अपेक्षा ठेवली असेल, असे वाटत नाही. १८६१ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि १८६५ च्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, आले. हाच मान १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मिळवला आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. महाराष्ट्राने त्यांना आयुष्यभर ‘रँग्लर’ म्हणूनच हाक मारली, त्यामुळे या पदवीचे वजन येथे वेगळे सांगायला नको.

उमराव घराण्यातील थोरल्या मुलाने प्रयोगशाळेत हात काळे करावेत, ही त्या काळी थोडी विचित्र बाब होती. रॅले यांनी ती निमूटपणे करून दाखवली. १८७१ मध्ये एव्हलिन बाल्फोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले आर्थर बाल्फोर हे त्यांचे मेहुणे. विवाहितांना फेलोशिप ठेवता येत नसे, त्यामुळे ट्रिनिटीची फेलोशिप गेली. त्याच वर्षी आकाशाचा रंग निळा का दिसतो, याची प्रकाशाच्या विखुरण्यावर आधारलेली उपपत्ती त्यांनी मांडली. शाळेच्या पुस्तकांतून आजही त्यांचे नाव येते ते मुख्यतः या उपपत्तीमुळे.

मला मात्र त्याच्या पुढचे वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. १८७२ मध्ये त्यांना संधिवाताच्या तापाने गाठले. जीवावर बेतलेले दुखणे निभावले, पण इंग्लंडचा हिवाळा सोसणे शक्य नव्हते. पतिपत्नी इजिप्तला गेली आणि नाईल नदीवर एका शिडाच्या घरनौकेत राहिली. हाताशी ग्रंथालय नाही, उपकरणे नाहीत, अशा त्या नौकेत ‘थिअरी ऑफ साउंड’ या ग्रंथाचे लेखन सुरू झाले. त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आजही ध्वनिशास्त्राचा अभ्यासक त्यांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

१८७३ मध्ये वडील वारले आणि किताबाबरोबर टर्लिंग येथील वाडा व हजारो एकर जमीनही त्यांच्याकडे आली. तीन वर्षांत त्यांनी शेतीचा कारभार धाकट्या भावावर सोपवला आणि वाड्याच्या एका भागात प्रयोगशाळा थाटली. उपकरणे साधी, बरीचशी घरीच जुळवलेली. तेथील एक प्रयोग असा : हिरवळीच्या मध्यभागी रॅले डोळे मिटून उभे राहत आणि मदतनीस त्यांच्याभोवती वर्तुळ करून उभे राहत. त्यांच्यापैकी कोणी बोलला की आवाज कोणत्या दिशेने आला, हे रॅले सांगत. मनुष्याच्या बोलण्याची दिशा त्यांना अचूक कळे. नादकाट्याचा एकसुरी शुद्ध स्वर मात्र समोरून येतो की मागून, याचा त्यांना पत्ता लागत नसे. या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी तीस वर्षे केला. दोन कानांना मिळणाऱ्या ध्वनीतील सूक्ष्म फरकावरून आपण दिशा कशी ठरवतो, याचे उत्तर त्यांनी १९०७ मध्ये दिले. डोळे मिटलेल्या प्राण्याला आवाजातून जग किती दिसते, आणि कोणत्या आवाजाने त्याची वाट चुकते, हा प्रश्न पुढे रामनगरच्या पाण्यात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मॅक्सवेल यांच्या निधनानंतर १८७९ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्राध्यापकपद स्वीकारले. शेतीतील मंदीने जमिनीचे उत्पन्न घटले होते, हेही त्यामागचे एक कारण होते. पाच वर्षांत विद्युत मापनाची एकके पक्की करण्याचे काम मार्गी लावून आणि प्रयोगवर्ग स्त्रियांना खुले करून ते टर्लिंगला परतले. तेथे नायट्रोजनची घनता मोजताना त्यांना आढळले की हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक पदार्थांपासून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो. एवढा फरक दुसऱ्या कोणी हाताची चूक म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी १८९२ मध्ये तो जाहीरपणे मांडून इतरांकडे खुलासा मागितला. त्यातून विल्यम रॅम्से यांच्या सोबतीने ऑरगॉनचा शोध लागला. १९०४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याबद्दल मिळाले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी केंब्रिजला दिली.

त्यांच्या चरित्रातील एक कमी गाजलेले पद येथे सांगितले पाहिजे. दीपगृहे आणि समुद्रमार्गावरील खुणा सांभाळणाऱ्या ‘ट्रिनिटी हाउस’ या संस्थेचे ते १८९६ पासून अखेरपर्यंत वैज्ञानिक सल्लागार होते. धुक्यात जहाजांना इशारा देणारे भोंगे किती अंतरावरून ऐकू येतात, वाऱ्याने त्यांचा आवाज कसा वळतो, हे प्रश्न त्यांच्यासमोर येत. जहाजांच्या वाटेवरचा ध्वनी मोजण्यासाठी राज्यसंस्थेने देशातील पहिल्या प्रतीचा ध्वनिशास्त्रज्ञ नेमला होता आणि त्याचे म्हणणे ती ऐकत होती.

आता १९१७ कडे वळू. महायुद्ध चालू होते, रॅले ७४ वर्षांचे होते. किटलीतले पाणी उकळण्यापूर्वी जो आवाज करते, त्याविषयी ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांचे विवेचन त्यांच्या वाचनात आले. चहाचे आधण ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या कानांना हा आवाज परिचित असतो. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, वरच्या थंड पाण्यात शिरतात, आतली वाफ एकदम पाणी होते आणि बुडबुडा मिटतो. आधणाची सणसण ती हीच. रॅले हे गणित करू लागले, तोच त्यांना कळले की वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांनाही हाच प्रश्न पडला आहे. पार्सन्स यांचे कारण अर्थातच निराळे होते.

पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ ही नौका १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी आरमारी संचलनात सगळ्यांच्या देखत ३४ नॉट्सच्या वेगाने धावली होती. तत्पूर्वी तीच नौका काही केल्या वेग घेत नव्हती. पंखा फार वेगाने फिरला की पात्याच्या पाठीकडचा दाब इतका खाली येतो की थंड पाणीच जागच्या जागी उकळून त्यात पोकळ्या होतात. पंखा मग पाण्याऐवजी त्या पोकळ्यांतच फिरू लागतो. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पुढे असेही दिसून आले की या पोकळ्या मिटताना कांस्याच्या भक्कम पंख्यांना खड्डे पाडतात. बुडबुड्यासारखी क्षणभंगुर वस्तू धातूला कशी कुरतडते, हे कोडे होते.

या प्रश्नाचा गणिती पाया विल्यम हेन्री बेझंट या केंब्रिजच्या गणितज्ञाने १८५९ मध्येच घातला होता. अथांग द्रवात एकाएकी एक गोल पोकळी निर्माण झाली तर ती किती वेळात भरून निघेल, असा त्यांचा प्रश्न होता. हे बेझंट म्हणजे ॲनी बेझंट यांचे थोरले दीर. ॲनीबाईंनी १८९८ मध्ये वाराणसीत काढलेले सेंट्रल हिंदू कॉलेज हे पुढे बनारस हिंदू विद्यापीठाचे बीज ठरले. त्या विद्यापीठाला जमीन मिळाली ती रामनगरच्या किल्ल्यात राहणाऱ्या काशीनरेश प्रभु नारायण सिंह यांच्याकडून. विद्यापीठ आणि किल्ला यांच्यामध्ये आज गंगा आहे आणि तिच्यातून जहाजे जातात. इतिहास असे धागे उगीचच जोडतो, त्यांतून काही सिद्ध होत नाही, पण मला ते सोडवत नाहीत.

रॅले यांचे उत्तर थोडक्यात असे. सभोवतालच्या पाण्याचा दाब पोकळीला सर्व बाजूंनी आत ढकलतो. पाणी केंद्राकडे धावते, पण जागा आकसत जाते, म्हणून वेग वाढतच जातो. पोकळीची त्रिज्या मूळच्या एक विसांशावर आली की तिच्या लगतच्या पाण्यातील दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १,२६० पट होतो. एक मिलिमीटर त्रिज्येची पोकळी साध्या वातावरणीय दाबाखाली सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी वेळात मिटते. पंख्यावरचे खड्डे मग नवलाचे राहत नाहीत.

पण त्या निबंधात आणखी एक गोष्ट होती. पोकळी रिकामी नसून तिच्यात थोडा वायू असेल, तर ती पूर्ण मिटत नाही. आतला वायू दाबला जातो, स्प्रिंगसारखा उलटून पाण्याला बाहेर लोटतो, बुडबुडा पुन्हा फुगतो, पुन्हा आकसतो. म्हणजेच तो आंदोलने करतो. रॅले यांनी सोयीसाठी पाणी अजिबात दबत नाही असे मानले होते, आणि तशा पाण्यात लहरीच्या प्रवासाचा हिशेब करता येत नाही. खऱ्या पाण्यात मात्र बुडबुड्याच्या प्रत्येक आकसण्याबरोबर एक दाबलहर बाहेर पडते आणि सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्या ध्वनीच्या चौपटीहून अधिक वेगाने दूर जाते. १९३३ मध्ये डच शास्त्रज्ञ मिनार्ट यांनी दाखवले की झऱ्याची खळखळ ही अशा आंदोलन करणाऱ्या बुडबुड्यांचाच नाद असतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा हवेचा बुडबुडा सेकंदाला साधारण ३,३०० वेळा कंप पावतो. लहान बुडबुड्याचा स्वर चढा, मोठ्याचा खर्जातला. पंख्यामागे लहानमोठे असंख्य बुडबुडे एकाच वेळी मिटत-फुगत असतात, म्हणून त्यातून एक स्वर निघत नाही, सर्व स्वरांचा मिळून एक गोंगाट निघतो. १९४९ मध्ये मिल्टन प्लेसेट यांनी रॅले यांचे समीकरण विस्तारले. दोघांच्या नावाने ओळखले जाणारे ते समीकरण आज जहाजबांधणीपासून मुतखडा फोडण्याच्या यंत्रापर्यंत सर्वत्र वापरले जाते.

रामनगरला मी प्रथम गेलो तो रामलीलेसाठी. एक महिना चालणाऱ्या त्या लीलेत ना ध्वनिवर्धक असतो ना विजेचे दिवे. संवाद सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांना गप्प राहण्याची हाक दिली जाते आणि हजारोंचा समुदाय कान देऊन उभा राहतो. ध्वनिवर्धकांनी व्यापलेल्या या देशात शांततेची अशी शिस्त मी दुसरीकडे पाहिलेली नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी नदीत जे चालते, त्याला मात्र अशी शिस्त लावणारे कोणी नाही.

गंगेतला डॉल्फिन, ज्याला तेथील नावाडी सोंस म्हणतात, त्याच्या डोळ्यात भिंगच नसते. गढूळ पाण्यात त्याला त्याची गरजही नव्हती. आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या उंच पट्टीतले टिकटिक ध्वनी सोडून आणि त्यांचे प्रतिध्वनी ऐकून तो मासे शोधतो, वाट काढतो, पिल्लाशी संपर्क राखतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार देशातील नद्यांत गंगा डॉल्फिनची संख्या ६,३२४ इतकी आहे. मयुख डे, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की जहाजांचा आवाज आणि उन्हाळ्यातली उथळ नदी या दोन गोष्टी एकत्र आल्या की या प्राण्याचे ध्वनिवर्तन बदलते आणि गोंगाटावर मात करून ऐकण्या-बोलण्यात त्याची शक्ती अधिक खर्च होते.

नदी उथळ असण्याचा संबंध थेट रॅले यांच्या गणिताशी येतो. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि बाहेरचा दाब जितका कमी तितकी पंख्यामागे पोकळी सहज निर्माण होते. पाणबुडी आवाज लपवण्यासाठी खोल जाऊ शकते. गाझीपूर ते वाराणसी या पट्ट्यात जलमार्गासाठी ठरवलेली किमान खोलीच २.२ मीटर आहे. तेथे मालाने लादलेल्या जहाजाच्या पंख्याला खोल जायला जागा नाही आणि डॉल्फिनला दूर जायला.

जलमार्ग प्राधिकरणाने काहीच विचार केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉल्फिनच्या अधिवासात वेगमर्यादा, पंख्याभोवती संरक्षक आवरण असे उपाय कागदावर आहेत. वेग कमी झाला तर कॅव्हिटेशन खरोखरच घटते. आवरणाने प्राण्याला पात्याची इजा होणार नाही, पण दाबलहर आवरण ओलांडून जाते. आणि आवाज किती कमी झाला हे ठरवायचे कशाने? २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम हवेतील आवाजापुरते आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा माणसाच्या कानासाठी आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने पाण्याखालील आवाजाबाबत २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०२३ मध्ये सुधारली. त्यांत कॅव्हिटेशन कमी करणाऱ्या पंख्यांवर भर आहे. पण ती ऐच्छिक आहेत आणि समुद्रावरच्या व्यापारी जहाजांसाठी आहेत. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत सात किलोमीटरचे कासव अभयारण्य १९८९ मध्ये स्थापन झाले होते, तेही २०२० मध्ये रद्द करण्यात आले. वाराणसीच्या अनेक नावा आता डिझेलऐवजी सीएनजीवर चालतात. धूर कमी झाला, यंत्राची धडधड कमी झाली, हे स्वागतार्हच आहे. पंखा मात्र पूर्वीचाच फिरतो.

किनाऱ्यावर उभे राहून यातले काहीही ऐकू येत नाही, ही खरी अडचण आहे. पाण्याखालचा ध्वनी ऐकण्यासाठी हायड्रोफोन पाण्यात सोडावा लागतो, वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतात, त्या जाहीर कराव्या लागतात. प्रकल्पाच्या खर्चाच्या तुलनेत हे काम अगदी स्वस्त आहे. अर्ध्या टक्क्याच्या फरकासाठी वर्षे घालवणाऱ्या माणसाला ते मुळीच कंटाळवाणे वाटले नसते.

रॅले यांचा भारतीय विज्ञानावर झालेला परिणामही याच संदर्भात आठवतो. तरुण चंद्रशेखर वेंकट रामन हे त्यांचे लेखन वाचतच ध्वनी व प्रकाशाच्या अभ्यासाकडे वळले. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील कुजबुजणाऱ्या सज्जाची रॅले यांनी केलेली मीमांसा रामन यांनी विजापूरच्या गोल घुमटापर्यंत येऊन तपासली आणि पुढे नेली. आदर असला तरी त्यांनी परीक्षण सोडले नाही. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे रॅले यांचे मत होते. १९२१ मध्ये ‘नारकुंडा’ जहाजावरून परतताना रामन यांनी साध्या लोलकाने समुद्र न्याहाळला आणि ते मत चुकीचे ठरवले. पाणी स्वतःच प्रकाश विखुरते, हे त्यांनी दाखवले.

रॅले तेव्हा हयात नव्हते. ३० जून १९१९ रोजी टर्लिंगच्या वाड्यात त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते केंब्रिज विद्यापीठाचे कुलपती होते आणि निबंध लिहीत होते. त्यांच्या चारशेहून अधिक निबंधांचे सहा खंड निघाले. शेवटचा खंड त्यांच्या मृत्यूनंतर आला, आणि १९१७ चा बुडबुड्यावरचा निबंध त्यात आहे. ज्या नियतकालिकात तो प्रथम छापला गेला, तेथे त्याने जेमतेम पाच पाने घेतली होती.